पहिला भाड्याचा फ्लॅट: आधी भाडेकरू ठरवा, मग घर घ्या

पुणे-पिंपरीकडे दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचा बेत करणारे बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी सॅम्पल फ्लॅट बघतात, त्यातलं किचन आवडतं, बुकिंगचा चेक फाडतात आणि ताबा हातात आल्यावर म्हणतात, ‘आता भाडेकरू शोधू.’ मग कळतं की त्या बाजूला भाड्याने राहायला कोणी येतच नाही, किंवा आलं तरी तेवढं भाडं द्यायला तयार नाही. स्वतः राहायचं घर स्वतःच्या आवडीने घ्यावं. भाड्याचं घर दुसऱ्याच्या गरजेने घ्यायचं असतं. खाली जे सांगतोय ते पुण्याच्या अनुभवातून आहे. मुंबई, नाशिक, नागपूरला आकडे बदलतील. कायदा आणि क्रम तोच.

राहणार कोण?

जागा बघण्याआधी माणूस डोळ्यासमोर आणा. हिंजवडी-वाकडला आयटीतली जोडपी आणि तिघा-चौघांत मिळून टू बीएचके घेणारी मुलं. चाकण, तळेगाव, भोसरीला कारखान्यांतले कामगार आणि सुपरवायझर; त्यांना वन आरके किंवा लहान वन बीएचके लागतो. सदाशिव-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं. कोथरूड-कर्वेनगरला विद्यार्थीही आणि मुलांच्या शाळेसाठी टिकून राहणारी कुटुंबंही. मोठ्या हॉस्पिटलच्या आसपास नर्सेस आणि शिकाऊ डॉक्टर.

प्रत्येकाची मागणी वेगळी. आयटीवाला पार्किंग, इंटरनेट आणि लिफ्टला बॅकअप बघतो. कुटुंब शाळा, भाजी, रिक्षा आणि पाणी बघतं. विद्यार्थ्याला क्लास आणि मेस चालत जाण्याच्या अंतरावर हवी. बाकी भिंतीला रंग नसला तरी त्याची तक्रार नसते. क्लब हाऊस आणि स्विमिंग पूल यांच्यासाठी जादा भाडं देणारे थोडे. मेंटेनन्स मात्र दर महिन्याला तुम्ही भरणार. म्हणून भाड्यासाठी घेताना मला साध्या, सात-आठ वर्षं जुन्या, पाण्याची ओरड नसलेल्या सोसायट्या जास्त पटतात.

खरं भाडं कळण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे. त्या भागातल्या दोन-तीन एजंटांना खरेदीदार म्हणून नव्हे, भाडेकरू म्हणून फोन करा. ‘वन बीएचके पाहिजे, फॅमिली आहे, पुढच्या महिन्यात शिफ्ट व्हायचंय.’ खरेदीदाराला सांगितलं जाणारं भाडं आणि भाडेकरूला सांगितलं जाणारं भाडं यांत सहज दोन-तीन हजारांचा फरक निघतो. एजंटाने एका दमात सात-आठ रिकामे फ्लॅट सुचवले, तर तेही उत्तरच समजा. तिथे मालक भाडेकरूच्या मागे आहेत.

हिशोब कागदावर मांडा

समजा ६० लाखांचा रीसेल टू बीएचके आहे आणि भाडं २०,००० येईल. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासकट ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराने येणारं) मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर लागतं. रंग, पंखे, गीझर, किरकोळ फर्निचर धरून दोन लाख. एकूण साडेसहासष्ट लाख.

आता वर्षाची मिळकत. भाडं २ लाख ४० हजार. त्यातून एक रिकामा महिना २० हजार, एजंटाची एका महिन्याची दलाली २० हजार, मेंटेनन्स तीन हजार दरमहा धरून ३६ हजार, मिळकतकर १२ हजार, दुरुस्ती १० हजार. हातात राहतात १ लाख ४२ हजार. साडेसहासष्ट लाखांवर हे सव्वादोन टक्केसुद्धा होत नाहीत. बँकेतली मुदतठेव याहून जास्त देते.

हे बघून घाबरायचं कारण नाही, पण स्वतःला फसवायचंही नाही. अशा फ्लॅटमध्ये कमाई झालीच तर ती किमतीच्या वाढीतून होते. भाडं तोपर्यंतचा खर्च भागवतं. भाड्यावरच भिस्त असेल तर लहान घराकडे वळा. तीस-बत्तीस लाखांचा जुना वन बीएचके १२-१३ हजारांना जात असेल, तर टक्केवारीत तो मोठ्या फ्लॅटला मागे टाकतो, आणि रिकामाही कमी राहतो.

‘भाड्यातून हप्ता निघेल’ हे वाक्य बिल्डरच्या ऑफिसात हमखास ऐकू येतं. ४५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता ३९ हजारांच्या घरात. भाडं २०. उरलेले १९ हजार दर महिन्याला पगारातून जाणार, आणि घर रिकामं असेल त्या महिन्यात सगळे ३९. शिवाय बँक साधारणपणे मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे कर्जात धरत नाही. वरच्या उदाहरणात घरातून आधी साडेएकवीस लाख काढावे लागतील. हे काढूनही सहा महिन्यांचे हप्ते बाजूला राहत नसतील, तर एक-दोन वर्षं थांबा.

एक जमेची बाजू: घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. साठ लाखांवर साठ हजार वाचतात. मात्र पैसे नवऱ्याचे आणि नाव बायकोचं असेल, तर प्राप्तिकरासाठी भाड्याचं उत्पन्न नवऱ्याच्याच खात्यात धरलं जातं. कर वाचवण्यासाठी हा मार्ग नाही.

घर बघायला कधी जायचं

रविवारी सकाळी अकराला एजंट नेतो तेव्हा प्रत्येक घर छान दिसतं. दुसऱ्यांदा एकटे जा, कामाच्या दिवशी रात्री साडेआठला. पार्किंग तेव्हा भरलेलं असतं. गाड्या गेटबाहेर रस्त्यावर लागल्या असतील तर तुमच्या भाडेकरूचीही तिथेच लागणार. वॉचमनशी पाच मिनिटं बोला. ‘टँकर किती येतात?’ एवढंच विचारा. वाघोली, रावेत, पुनावळे, बाणेरच्या पुढचे पट्टे अशा ठिकाणी उन्हाळ्यात टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये चढतो, आणि वैतागलेला भाडेकरू मे महिन्यात नोटीस देतो. लिफ्टजवळचा नोटीस बोर्डही वाचा. थकबाकीदारांची यादी, गळतीचे वाद, बिल्डरविरुद्धच्या बैठकांच्या सूचना, सगळं तिथे फुकट वाचायला मिळतं.

फ्लॅटच्या आत फरशा आणि रंग बघत बसू नका. आधी बाथरूमच्या छताकडे बघा. वरच्या मजल्यावरचं बाथरूम गळत असेल तर कोपऱ्यात पिवळट डाग, फुगलेला रंग किंवा नुकताच, तेवढ्याच चौकोनापुरता मारलेला ताजा रंग दिसतो. त्या ताज्या चौकोनाला मी डागापेक्षा जास्त घाबरतो. मग बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर तळहात टेकवा. गार आणि ओलसर लागलं तर पाइप आतून गळतोय. वरच्या शेजाऱ्याशी गळतीवरून भांडण हे घरमालकाच्या वाट्याला येणारं सगळ्यात चिवट दुखणं आहे, कारण खर्च त्याने करायचा आणि भाडेकरू तुमचा जाणार.

कागद

इथे वकिलाची फी वाचवू नका. त्यांच्याकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजा तपासल्याचा अहवाल, घ्या. पुढची कागदपत्रं स्वतः डोळ्यांनी बघा: आधीच्या सगळ्या खरेदी करारांची साखळी आणि त्यांच्या सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा सोसायटीचा दाखला, शेवटची मिळकतकराची पावती, वीजबिल. विकणाऱ्याचं कर्ज असेल तर बँकेचं शिल्लक रकमेचं पत्र. नवीन प्रकल्प असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक टाकून त्यांच्या संकेतस्थळावर ताब्याची तारीख, मंजूर नकाशे आणि खटले बघता येतात.

भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत स्वस्त असते, ती का स्वस्त आहे हे विसरू नका. तीच गोष्ट दोन-तीन गुंठ्यांवर बांधलेल्या, मंजुरी नसलेल्या इमारतींची. भाडं तिथे चांगलं येतं, हे मान्य. पण बहुतेक बँका कर्ज देत नाहीत, त्यामुळे उद्या विकायला काढाल तेव्हा रोख पैसे असलेलाच गिऱ्हाईक लागतो आणि तो भाव पाडतो. नवख्याने या वाटेला जाऊ नये.

भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्यावर ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसला तर १ टक्का. भाड्यासाठी घेणाऱ्याने तयार फ्लॅटच घ्यावा, कारण ताब्याची वाट बघण्याच्या काळात हप्ता चालू आणि भाडं शून्य. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस (आगाऊ कापायचा प्राप्तिकर) कापून तुम्हालाच सरकारकडे भरावा लागतो. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर कपातीचा दर बराच जास्त असतो. तेव्हा सीएला विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. पुण्यात हल्ली असे विक्रेते बरेच भेटतात.

भाडेकरू निवडणं

जाहिरातीत फोटो दिवसाउजेडी काढलेले टाका आणि भाडं, डिपॉझिट, मेंटेनन्स कोण भरणार आणि पार्किंग आहे की नाही हे स्पष्ट लिहा. पुण्यात डिपॉझिट साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकं चालतं. मुंबईत कधी कधी मोठी रक्कम डिपॉझिट घेऊन भाडं नाममात्र ठेवतात. नवख्या मालकाने त्यात पडू नये. ती रक्कम कर्जासारखी परत करायची असते आणि बहुतेकांनी ती तोवर खर्च केलेली असते.

भाडेकरूकडून आधार, पॅन, कंपनीचं ओळखपत्र किंवा पगाराची पावती घ्या. विद्यार्थी असेल तर पालकांशी बोला, शक्य तर करारात पालकांचं नाव घ्या. आधीच्या घरमालकाचा नंबर मागा आणि फोन खरंच करा. त्यांना ‘माणूस कसा आहे’ असं विचारलंत तर ‘चांगला आहे’ एवढंच उत्तर येईल. ‘भाडं कितव्या तारखेला यायचं आणि डिपॉझिटमधून किती कापलं?’ असं विचारा.

बॅचलर नको, अमुक खाणारे नकोत, तमुक आडनाव नको, अशा अटी घालत बसलात तर रिकामा महिना तुमच्याच खिशातून जातो. ते सोडलं तरी माणसाला आडनावावरून दारातून परत पाठवणं मला बरं वाटत नाही. नोकरी पक्की आहे का, किती जण राहणार आणि आधीच्या घरात किती काळ राहिले, एवढ्यावर मी ठरवतो.

भाडं पाचशे रुपयांवरून ताणू नका. वीस हजारांचं घर एक महिना रिकामं राहिलं तर तो तोटा भरून काढायला पुढची तीन वर्षं दरमहा साडेपाचशे रुपये जास्त मिळाले पाहिजेत.

करार

महाराष्ट्रात घर भाड्याने देण्याची रूढ पद्धत म्हणजे लीव्ह अँड लायसन्स. यात तुम्ही भाडेकरूला ठरावीक मुदतीसाठी राहायची परवानगी देता, कूळहक्क देत नाही. जुन्या पागड्यांच्या आणि वाड्यांच्या गोष्टी ऐकून लोकांना वाटतं की भाडेकरू बारा वर्षं राहिला की घर त्याचं. परवानगीने राहणाऱ्याला नुसत्या राहण्याने मालकी मिळत नाही. पण परवानगी कागदावर आणि नोंदलेली हवी.

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ‘अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी पुरे.’ इतर राज्यांत काय असेल ते असो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर दंड पाच हजारांपर्यंत किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

आणि यात वाचतं तरी काय? मुद्रांक शुल्क मोजून बघा. मुदतीतलं एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. भाडं १८ हजार, डिपॉझिट ६० हजार, मुदत अकरा महिने असेल तर १,९८,००० अधिक सुमारे ६,०००, म्हणजे २ लाख ४ हजार. शुल्क पाचशेच्या थोडं वर. नोंदणी फी शहरी हद्दीत हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. ऑनलाइन नोंदणीत आधारवरून अंगठा घेतात. एजंट मशीन घेऊन घरी येतो, फोटो आणि अंगठे होतात, दोन-चार दिवसांत करार मेलवर. त्याची फी वेगळी, ती आधी ठरवून घ्या. खर्च दोघांत निम्मानिम्मा वाटायची पद्धत आहे.

मुदत अकरा महिन्यांचीच हवी असं काही नाही. साठ महिन्यांपर्यंत करता येतो. चांगलं कुटुंब मिळालं तर मी चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा करार सुचवतो, दर वर्षी पाच टक्के वाढ आणि सुरुवातीचे सहा महिने लॉक-इन, म्हणजे तेवढ्या काळात कोणी करार मोडायचा नाही. दरवर्षीची दलाली, पुन्हा अंगठे आणि वाढीवरची घासाघीस वाचते.

एजंटाकडचा ठरावीक मसुदा न वाचता सही करू नका. त्यात या गोष्टी नीट आहेत का बघा: नोटिशीची मुदत (साधारण एक महिना, दोन्ही बाजूंना), मेंटेनन्स कोणाकडे, किरकोळ दुरुस्ती कुठल्या रकमेपर्यंत भाडेकरूची आणि कुठून मालकाची, राहणाऱ्या सगळ्यांची नावं, पोटभाडेकरू ठेवायची मनाई, डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि मुदत संपून घर सोडलं नाही तर काय. शेवटच्या मुद्द्याला कायद्याचा आधार आहे. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाडं मागू शकतो. ही प्रक्रिया दिवाणी दाव्यापेक्षा सुटसुटीत आहे, पण तिचा दरवाजा नोंदणीकृत करारानेच सहज उघडतो.

काहीही झालं तरी रागाच्या भरात पाणी किंवा वीज तोडू नका, कुलूप बदलू नका. अत्यावश्यक सेवा तोडायला कलम २९ ने मनाई आहे, आणि तोवर तुमची बाजू कितीही खरी असली तरी त्या दिवसापासून तक्रारदार तो होतो आणि तुम्ही आरोपी.

सोसायटी, पोलिस, महापालिका

सहकारी सोसायटीत फ्लॅट भाड्याने द्यायला आदर्श उपविधींनुसार परवानगी लागत नाही, आधी कळवावं लागतं. नोंदणीकृत कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची पावती सेक्रेटरींना द्या. भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेऊ शकते, पण शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. ‘भाडेकरू आहे म्हणून मेंटेनन्स दुप्पट’ असं कोणी म्हटलं तर शांतपणे आदेशाची प्रत पुढे करा. भांडायला गेलात तर कमिटी तुमच्या भाडेकरूला पार्किंगवरून छळते. हे सगळं सहकारी सोसायटीला लागू. पुण्यात बऱ्याच इमारती अपार्टमेंट कायद्याखाली आहेत, तिथे डीड ऑफ डिक्लरेशन (इमारतीचं नोंदलेलं घोषणापत्र) आणि संघाचे नियम बघावे लागतात.

पोलिस आयुक्तांच्या मनाई आदेशानुसार भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्याला देणं घरमालकाचं काम आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येते. पावतीची पीडीएफ करारासोबत ठेवा. भाडेकरू परदेशी नागरिक असेल, जसं पुण्यात शिकायला आलेले विद्यार्थी, तर २४ तासांत वेगळी ऑनलाइन माहिती द्यावी लागते.

मिळकतकराबद्दल पुण्यातलं एक खास आहे. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला ४० टक्के सवलत देते. भाड्याने दिलेल्या घराला ती नाही. विकणाऱ्याच्या पावतीवरचा कमी आकडा बघून हिशोब मांडला असेल, तर पुढच्या बिलात तो फुगलेला दिसेल.

ताबा देताना

किल्ली देण्याच्या दिवशी अर्धा तास काढा. भाडेकरू सोबत असताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा: दारापासून सुरू करून प्रत्येक खोली, प्रत्येक नळ उघडून, गीझर चालू करून, सिंकखालचं कपाट उघडून. वीज मीटरचा आणि पाइप गॅसच्या मीटरचा आकडा फोटोत यायला हवा. किल्ल्या मोजा, लेटर बॉक्सची आणि गच्चीचीही. पंखे, ट्यूब, पडद्याचे रॉड यांची यादी करून दोघांनी सही करा आणि ती व्हॉट्सअॅपवर टाका. वीजबिल तुमच्या नावावरच ठेवा आणि महावितरणच्या अॅपवर तुमचा नंबर जोडून घ्या. बिल थकलं की तुम्हाला त्याच्या आधी कळतं. थकबाकी ग्राहकाच्या नावावर, म्हणजे तुमच्याच, राहते.

भाडं आणि दुरुस्ती

भाडं खात्यातच घ्या, यूपीआय किंवा बँक ट्रान्स्फर, ठरलेल्या तारखेला. रोख घेऊन लपवायचा विचार असेल तर तो सोडा. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की पगारदार भाडेकरू घरभाडे भत्त्यासाठी तुमचा पॅन ऑफिसात देतो. महिन्याचं भाडं पन्नास हजारांहून जास्त असेल तर त्याला २ टक्के टीडीएसही कापावा लागतो.

दुरुस्तीचा फोन आला की दोन दिवसांत प्लंबर पाठवा. नळ गळतोय म्हणून तीनदा फोन करायला लागलेला भाडेकरू पुढच्या वर्षी थांबत नाही. एक प्लंबर, एक इलेक्ट्रिशियन यांचे नंबर भाडेकरूलाच द्या आणि हजार रुपयांपर्यंतचं काम त्याने करून घेऊन पावती पाठवावी असं ठरवा. प्रत्येक स्क्रूसाठी तुमची परवानगी लागली तर दोघांनाही त्रास.

प्राप्तिकर थोडक्यात

मिळालेल्या भाड्यातून तुम्ही भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के. रंग, प्लंबर, दलाली, मेंटेनन्स हे त्या ३० टक्क्यांतच आले. वेगळी वजावट नाही. गृहकर्जाचं व्याज त्यानंतर वजा होतं. वरच्या उदाहरणात ४५ लाखांवर पहिल्या वर्षी सुमारे ३ लाख ८० हजार व्याज जाईल, म्हणजे या खात्यात सव्वादोन लाखांहून जास्त तोटा दिसेल. जुन्या करपद्धतीत त्यातले दोन लाखांपर्यंत पगारातून वळते करता येतात आणि उरलेला पुढे ओढता येतो. नव्या पद्धतीत पगारातून वजा होत नाही. ‘कर वाचेल’ या एका कारणासाठी कर्ज काढणाऱ्यांनी आपली पद्धत कोणती ते आधी बघावं.

घर सोडताना

नोटीस आली की त्याच दिवशी पुढची जाहिरात टाका. राहत्या भाडेकरूला सांगून ठेवा की शनिवार-रविवारी घर दाखवायला येऊ, आणि आधी फोन करूनच जा. त्याने शेवटचे दोन महिने भाडं न देता ‘डिपॉझिटमधून वळतं करून घ्या’ म्हटलं तर मान्य करू नका. मग रंगाचे आणि मोडलेल्या वस्तूंचे पैसे कशातून कापणार? हे करारात लिहिलेलं असेल तर वाद होत नाही.

शेवटच्या दिवशी ताब्याच्या वेळचा व्हिडिओ उघडून खोली-खोली ताडून बघा. भिंतीला खिळ्यांची भोकं, फिक्का झालेला रंग हा वापराचा भाग आहे, त्याचे पैसे मागू नका. फुटलेला बेसिन, जळालेली ओट्याची कड, हरवलेल्या किल्ल्या याचे मागा, बिल दाखवून. वीज आणि गॅसचं शेवटचं बिल चुकतं झालं का ते बघा, उरलेलं डिपॉझिट ठरलेल्या दिवशी खात्यात टाका आणि ‘मिळालं’ असा मेसेज मागून घ्या. पोलिस ठाण्याला आणि सोसायटीला भाडेकरू गेल्याचं कळवा. मुख्य दाराच्या कुलपाचा सिलिंडर बदला. पाचशे-सातशे रुपयांचं काम आहे, आणि पुढचा भाडेकरू हे विचारतोच.